रोजचा एक तास

"मुलाला शाळेतून काढायचा विचार चाललाय. तुम्ही अभ्यासक्रम कुठला वापरता?" गेली काही वर्षं ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून मला असे फोन येतात. मी उलट विचारते, "सकाळी नऊ ते अकरा तुमच्या घरी कोण असतं?" पलीकडे जरा वेळ कुणी बोलत नाही. अभ्यासक्रमाचा प्रश्न सोपा आहे, त्याचं उत्तर पाच मिनिटांत देता येतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतःशी नक्की झाल्याशिवाय मात्र दाखला काढायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही चिपळूणला राहतो. मुलीची दुसरी संपली तेव्हा, २०१९ च्या उन्हाळ्यात, आम्ही तिला शाळेतून काढलं. रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं आणि रविवारी दुखायचं नाही, यापलीकडे कारण सांगण्याची गरज नाही. धाकटा शाळेत गेलाच नाही. सुरुवातीला मी घरातच शाळा भरवली. पडवीत फळा लावला, भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे तास केले. दिवाळीपर्यंत मुलगी माझ्याशी नीट बोलेनाशी झाली आणि मी रात्री उशिरापर्यंत उद्याच्या तासाची तयारी करत बसायचे. तेव्हा कुणी मला थांबवून दोन गोष्टी सांगितल्या असत्या तर ते सहा महिने वाचले असते. एक, शाळेतून बाहेर आलेल्या मुलाला काही महिने मोकळे लागतात. दोन, घरी शिकवायला इतके तास लागतच नाहीत.

शाळेचा साडेपाच-सहा तासांचा दिवस पाहून आपण घाबरतो. पण त्यात हजेरी, परिपाठ, रांगा, चाळीस जणांच्या वह्या तपासून होईपर्यंतचं थांबणं, सगळं येतं. एका मुलाला शेजारी बसवून शिकवताना हे काहीच लागत नाही. माझा अनुभव असा की सहा ते आठ वर्षांच्या मुलाला समोर बसून शिकवण्याचा एक तास पुरतो. नऊ-दहाच्या मुलाला दोन. बारानंतर मूल स्वतःच तीन-चार तास बसतं, तुम्ही मधून मधून लागता. बाकीचा दिवस त्याचा. पण तो एक तास रोज, ठरलेल्या वेळी, आणि पूर्ण द्यायचा. कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही, फोन हातात घेऊन नाही.

या तासाचं महत्त्व मला गांधीजींच्या आत्मचरित्रानं पटवलं. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी आपल्या मुलांना शाळेत घातलं नाही. गोऱ्यांच्या शाळेत मेहेरबानी म्हणून प्रवेश मिळू शकला असता. पण इतर हिंदी मुलांना जे मिळत नाही ते आपल्या मुलांसाठी घेणं त्यांना मान्य नव्हतं. जोहान्सबर्गला असताना ते मुलांना बरोबर घेऊन कचेरीपर्यंत पायी जात, येतानाही पायीच. जाऊन-येऊन सुमारे ५ मैलांची चाल, आणि चालता चालता बोलण्यातून शिकवणं. ते लिहितात की रोज निदान एक तास नेमानं अक्षरशिक्षणासाठी देता आला असता, तर मुलांना आपण आदर्श शिक्षण दिलं असतं. तो तास त्यांना देता आला नाही, आणि मुलांच्या मनात त्याची खंत राहिली हेही त्यांनी लपवलेलं नाही. विलायतेत शिकून आलेला बॅरिस्टर, मुलांवर जीव, शिक्षणाबद्दल स्वतःचे पक्के विचार, रोज सोबत चालण्याची सवय, सगळं होतं. नेमाचा तास तेवढा नव्हता. मी हे वाचलं आणि भिंतीवरचं वेळापत्रक काढून टाकलं. सकाळी साडेनऊ ते साडेदहा एवढीच वेळ ठेवली. ती मात्र पाहुणे आले तरी मोडत नाही.

त्या तासात काय करायचं? लहान वयात भाषा आणि गणित, एवढंच. बालभारतीची सगळी पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ती उतरवून घ्या. एखाद्या इयत्तेत काय काय यायला हवं याचा अंदाज घ्यायला ती पुरेशी आहेत. पानोपान पुरं करण्याची जबरदस्ती नको. वाचनासाठी बालभारतीचंच 'किशोर' मासिक आहे. ते १९७१ मध्ये सुरू झालं आणि जुने अंक आता इंटरनेटवर खुले आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या अंकातली गोष्ट मुलगा आजीला वाचून दाखवतो, आजी त्यातला एखादा विसरलेला शब्द समजावते. उच्चार, अर्थ, विरामचिन्हं यांचा निम्मा अभ्यास तिथेच होतो. विज्ञानाच्या प्रयोगांसाठी अरविंद गुप्तांची पुस्तकं आणि चित्रफिती पाहा. टाकाऊ वस्तूंतून केलेली ती खेळणी अनेक वर्षं पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या केंद्रात तयार होत होती. काडेपेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, जुनी बाटली एवढ्या सामानावर मुलं तासन्‌तास रमतात, आणि गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठीतूनही भरपूर पुस्तकं मोफत आहेत.

गणिताचं सांगते. आमच्या सासऱ्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी तोंडपाठ आहेत. मला त्या येत नव्हत्या. अपूर्णांक शिकवताना मी चपातीचे चार तुकडे करून थकले, तेव्हा त्यांनी मुलीला पावकी म्हणायला लावली आणि हिशेब बसला. मे महिन्यात घरी रातांबे येतात. ओल्या सालांचं वजन करायचं, मीठ किती लागलं ते लिहायचं, आगळाची पुटं देऊन वाळवत जायचं आणि शेवटी आमसुलांचं वजन पुन्हा करायचं. किती टक्के उरलं? बाजारात आमसुलं काय भावानं जातात, रातांबे काय भावानं घेतले, मेहनतीचे किती पडले? सहावीच्या पुस्तकातला शेकडेवारीचा आणि नफा-तोट्याचा धडा त्या अंगणात पुरा झाला. तुमच्याकडे रातांबे नसतील. कुरडया असतील, हरभऱ्याची डाळ असेल, शेजारच्या काकांचं दूध संकलन केंद्र असेल. घरात वजन, माप आणि पैसा कुठे आहे ते शोधा. मुलाला त्यात खरं काम द्या. खोटं, खेळातलं काम मुलांना लगेच ओळखू येतं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते २०२१ च्या पुरानं. जुलैच्या बाविसाव्या तारखेला वाशिष्ठी गावात शिरली. नुकसान सगळ्यांचंच झालं, त्याबद्दल इथे लिहीत नाही. पाणी ओसरल्यावर चिखल काढून झाला, आणि एके दिवशी मुलीनं विचारलं, "रेघ आपल्याकडे इथे आहे, मग त्यांच्याकडे एवढी वर का?" भिंतींवर पुराच्या पाण्याची मातकट रेघ राहिली होती. आम्ही टेप घेऊन निघालो. पंधरा-सोळा घरं आणि दुकानं मोजली, प्रत्येकाकडे विचारलं, पाणी कधी चढलं, कधी उतरलं. घरी येऊन तिनं नकाशा काढला आणि रेघेच्या उंचीप्रमाणे रंग भरले. जमिनीचा चढउतार न शिकवता समजला. मग पुढचे प्रश्न आले. उन्हाळ्यात कोकणातल्या बाकीच्या नद्या आटतात, वाशिष्ठीला पाणी कसं असतं? उत्तर सह्याद्रीच्या पलीकडे होतं. कोयना घाटावर उगम पावून पूर्वेला कृष्णेला मिळते, पण कोयना धरणाचं काही पाणी बोगद्यांतून पश्चिमेला उतरवून पोफळीला वीज होते आणि ते पाणी वाशिष्ठीला येऊन मिळतं. बंगालच्या उपसागराकडे जाणारं पाणी असं अरबी समुद्राला जातं. नऊ वर्षांच्या मुलीला हे समजायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात तिनं भूगोलाचं पुस्तक उघडलं नाही. उघडलं तेव्हा तिला त्यातल्या नकाशाची भाषा येत होती.

मात्र इथे एक सावधगिरीची गोष्ट. असे प्रसंग दर महिन्याला येत नाहीत. "आमची मुलं आयुष्यातून शिकतात" असं म्हणून ज्या घरांत रोजचा तास सुटला, तिथे अकराव्या वर्षी मुलाला सलग एक पान लिहिता येत नाही, हे मी पाहिलं आहे. मूल बोलण्यात हुशार असतं, माहिती भरपूर असते, म्हणून आईवडिलांच्या लक्षात येत नाही. प्रसंगातून उत्सुकता येते. लिहिणं, वाचणं, हिशेब ही रोजच्या सरावाची कामं आहेत, रियाजासारखी. दोन्ही हवीत, आणि घरी शिकवणाऱ्यांकडून दुसरंच जास्त सुटतं.

जे आपल्याला येत नाही ते शिकवण्याचा हट्ट धरू नका. माझं इंग्रजी बेताचं आहे. मुलांना इंग्रजी शिकवायला आठवड्यातून तीन दिवस एक निवृत्त शिक्षिका येतात. त्यांना योग्य मानधन देतो, उपकार म्हणून शिकवून घेत नाही. तबला शिकायला मुलगा बाहेर जातो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षांना शाळेचा दाखला लागत नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला अशा बाहेरच्या परीक्षेचा फार आधार होतो. अनोळखी परीक्षकासमोर बसायचं, ठरलेल्या वेळेत द्यायचं, निकालाची वाट पाहायची, याची सवय कुठेतरी लागायला हवी.

मित्रांचा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. शाळेत जाणाऱ्या मुलाला मित्र आपोआप भेटतात. आपल्याला ते जमवावे लागतात. संध्याकाळी पाच ते सात मैदान, हे आमच्याकडे जेवणाइतकं पक्कं आहे. आळीतली सगळी मुलं शाळेतून आलेली असतात, त्यांच्यात आपलं मूल गेलं पाहिजे. दुपारी अभ्यास लांबला म्हणून मैदान बुडवणं ही पालकांची चूक. ग्रंथालयात आठवड्याला एकदा पायी जातो. चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे, ते १८६४ सालचं. पुरात त्याचंही मोठं नुकसान झालं होतं. गावोगावी अशी वाचनालयं आहेत, मुलांसाठी तिथे स्वतंत्र कपाट असतं आणि बहुतेक वेळा ते कुणी उघडत नाही. होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांची 'स्वशिक्षण' नावाची देशभरातली संघटनाही आहे. तिच्यातून आपल्यासारखी कुटुंबं भेटतात. मुलांना ते दिलासादायक असतं, आपल्याला त्याहून जास्त.

आता आयांशी थोडं. मी हा लेख 'पालकांनो' म्हणून लिहीत असले, तरी घरी राहतं कोण हे आपल्याला माहीत आहे. माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत आईनं नोकरी सोडली. मी हिशेब लिहायचं काम करते, ते दुपारी दोन ते पाच घरातून सुरू ठेवलं. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, स्वतःचं काम पूर्ण सोडू नका. घरात पैसे कमी येतील हे एक कारण झालं. दुसरं असं की, ज्या आईचा सगळा दिवस मुलाच्या प्रगतीवर टांगलेला असतो, तिला मुलाची प्रत्येक चूक स्वतःचा पराभव वाटू लागते. माझं तसं झालं होतं. मुलीचं 'ऱ्हस्व-दीर्घ' चुकलं की मला रात्री झोप लागायची नाही. वडिलांनी एक विषय पूर्ण आपल्याकडे घ्यावा. 'मदत करतो' असं नको, त्या विषयाची वही, पुस्तक, तयारी सगळं त्यांचं. आमच्याकडे भूमिती आणि सायकल दुरुस्ती वडिलांकडे आहे. आठवड्यातली एक सकाळ आई घराबाहेर असावी.

नातेवाइकांबद्दल फार लिहीत नाही. लग्नकार्यात कुणीतरी मुलाला पाढे विचारणारच. माझ्या सासूबाईंनी पहिलं वर्ष माझ्याशी या विषयावर बोलणं टाळलं, दुसऱ्या वर्षी नातवाकडून 'किशोर' वाचून घ्यायला लागल्या. पटवून देण्यापेक्षा घरातल्या मोठ्यांना शिकवण्यात ओढून घेणं जास्त उपयोगी पडतं.

कायद्याची बाजू नीट समजून घ्या, कारण त्याबद्दल दोन्ही बाजूंनी चुकीचं सांगितलं जातं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे त्याच्या कलम १० प्रमाणे पालकांचं कर्तव्य आहे. मात्र ते पाळलं नाही तर पालकांना शिक्षा अशी तरतूद त्यात नाही. घरी शिकवण्याचा कायद्यात उल्लेख नाही, त्याला परवानगीही नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. म्हणून कुणी "हा गुन्हा आहे" म्हणालं तर घाबरू नका, आणि "कायद्यानं मान्य आहे" असं कुणी सांगितलं तर तेही मानू नका. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारात येतात. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. ते त्यांचं काम करत असतात, आणि खरोखर शाळेपासून तुटलेली मुलं शोधण्यासाठी ते काम गरजेचं आहे. आत बोलवा, मुलाच्या वह्या दाखवा. यासाठीच नोंदी ठेवा. मी एका मोठ्या वहीत रोज दोन ओळी लिहिते, तारीख घालून. काय वाचलं, काय केलं, कुठे अडलं. दर तीन महिन्यांनी मुलाच्या हातचं एक लिखाण, एक गणिताचं पान, एक चित्र फाइलला लावते.

कागदपत्रांत जन्मदाखला आणि आधार यांवरचं नाव, जन्मतारीख अक्षर न अक्षर सारखी आहे ना ते आजच पाहा. नावातल्या एका वेलांटीपायी दहावीच्या वेळी धावपळ होते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला हातात आल्याशिवाय शाळेचा निरोप घेऊ नका.

दहावीसाठी मुख्य वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. १९८९ मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि तिची दहावी-बारावी इतर मंडळांच्या बरोबरीची मानली जाते. दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. निदान एक भाषा धरून पाच विषय घ्यायचे, विषय निवडायला भरपूर मोकळीक आहे आणि मराठी माध्यमही मिळतं. वर्षातून दोनदा परीक्षा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नोंदणी केली की ५ वर्षांत ९ संधी मिळतात आणि सुटलेले विषय जमा राहतात. म्हणजे सगळे विषय एकदम न देता दोन-दोन करून देता येतात. तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या परीक्षाही ही संस्था घेते. दुसरी वाट आपल्या राज्य मंडळाची, खासगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून. त्याच्या अटी आणि तारखा दर वर्षी मंडळ जाहीर करतं, त्या आधीच्या वर्षीच वाचून ठेवा. महाराष्ट्र राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. यांपैकी कुठे जायचं हे मूल बारा वर्षांचं होईपर्यंत ठरलेलं बरं. विज्ञान शाखेकडे जायचं असेल तर प्रात्यक्षिकांची सोय कुठे होईल हे त्याच वेळी पाहा, ते शेवटच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही.

आणि परतीचा रस्ता. घरी शिकवायला सुरुवात केली म्हणजे दहावीपर्यंत घरीच, असं काही नाही. दर मे महिन्यात आम्ही चौघं बसतो आणि मुलांना विचारतो, पुढचं वर्ष घरी की शाळेत? विचारतो म्हणजे खरंच विचारतो. आमच्या मुलीला खो-खो आवडतो. ती चांगली खेळते. आंतरशालेय स्पर्धांत उतरायचं तर शाळेच्या पटावर नाव लागतं, आणि बाहेरून नुसतं पाहत राहणं तिला सोसेना. तेराव्या वर्षी ती म्हणाली, "मला शाळेत जायचंय." मला वाईट वाटलं, ते मी तिच्यापासून लपवलं नाही, पण दुसऱ्या आठवड्यात आम्ही प्रवेशासाठी गेलो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो, मधल्या इयत्तांच्या गुणपत्रिका नसल्या तरीही. मुख्याध्यापकांनी माझी दोन ओळींची वही आणि फाइल तासभर पाहिली. मुलीचा पुराचा नकाशा त्यांनी ठेवून घेतला.

ती आता आठवीत आहे, सायकलनं शाळेत जाते. पहिल्या घटक चाचणीत वेळ पुरला नाही, दुसऱ्या वेळी पुरला. धाकटा अजून घरी शिकतो. साडेनऊ ते साडेदहा त्याचा तास असतो, तेव्हा मी फोन उचलत नाही. पाचनंतर करा. पण त्याआधी एक महिना, मूल शाळेत असतानाच, रोज तो एक तास देऊन पाहा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. महिन्यात किती दिवस जमलं तो आकडा कागदावर लिहा, आणि बोलताना तो कागद समोर ठेवा.